मुंबई दर्शन : एका पत्रकाचे वाचन

माझ्या कागदपत्रांत एक जुने पत्रक आहे. पिवळा पातळ कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला, चार घड्या पडलेला. वर ठळक अक्षरांत 'एका दिवसात मुंबई दर्शन' आणि खाली तेरा थांब्यांची यादी. सुटण्याचे ठिकाण दादर, पहिला थांबा गेटवे ऑफ इंडिया, शेवटचा जुहू चौपाटी. मधल्या ओळींत म्युझियम, तारापोरवाला मत्स्यालय, हँगिंग गार्डन, म्हातारीचा बूट, महालक्ष्मी, हाजी अली, नेहरू तारांगण, सिद्धिविनायक आणि 'जाता जाता' सिनेनटांचे बंगले.

१९९६ च्या दिवाळीनंतर वडिलांना तपासणीसाठी मुंबईला नेले होते. शेगावहून विदर्भ एक्स्प्रेसने गेलो. दोन तपासण्यांच्या मध्ये एक दिवस मोकळा मिळाला. वडील म्हणाले, "एवढ्या दूर आलो तं मुंबई पाहून घेऊ." दादरला पत्रक मिळाले आणि आम्ही बसमध्ये बसलो. वडिलांचे सारे आयुष्य खामगाव तालुक्यातल्या काळ्या जमिनीत कपाशी पिकवण्यात गेले होते. गेटवेपाशी त्यांनी वाकून समुद्राचे पाणी ओंजळीत घेतले आणि जिभेला लावून पाहिले. मग दर्शन घडवणाऱ्या मुलाला त्यांनी विचारले, "अन् आपला कापूस कोठी उतरे इथं?" त्या मुलाला प्रश्न कळला नाही. वऱ्हाडी बोलीमुळे कळला नाही की कापसामुळे, हे सांगता येणार नाही. तो हसला आणि म्हणाला, "काका, कापूस नाही, पुढे मत्स्यालय आहे." बसमधले लोकही हसले. वडीलही हसले, पण दिवसभर त्यांनी पुन्हा काही विचारले नाही.

वडील पुढच्याच वर्षी गेले. त्यांचा प्रश्न माझ्याकडे राहिला. मी विद्यापीठात शिकलेला अभ्यासक नाही. बियाण्या-खतांचे दुकान सांभाळून खामगावच्या वाचनालयात जे मिळाले ते वाचले, जे मिळाले नाही ते मागवले. या वाचनातून माझे असे मत झाले आहे की सहलीचे पत्रक हाही एक मजकूर असतो. त्यालाही लेखक असतो, वाचक असतो, त्याची एक भाषा असते आणि गाळलेल्या जागाही असतात. कथा-कवितेची चिकित्सा आपण करतो, मग ज्या मजकुराच्या आधारे खेड्यातला माणूस आपल्या राजधानीचे शहर पहिल्यांदा आणि बहुधा शेवटचे पाहतो, त्याची का करू नये? प्रस्तुत लेख हा तसा एक प्रयत्न आहे.

वर्णन, वृत्तान्त, दर्शन

मुंबईविषयीच्या मराठी लेखनाची सुरुवात गोविंद नारायण माडगावकर यांच्या 'मुंबईचे वर्णन' या १८६३ च्या ग्रंथाने झाली, असे मानले जाते. १८१५ साली गोव्यात जन्मलेले माडगावकर लहानपणी मुंबईत आले आणि पुढे मिशनच्या शाळेत शिक्षक झाले. १८६५ साली, म्हणजे हे पुस्तक निघाल्यावर दोनच वर्षांनी, ते वारले. न. र. फाटक यांच्या संपादनाखाली १९६१ मध्ये पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली आणि २००८ मध्ये मुरली रंगनाथन यांचे इंग्रजी भाषांतर आले. दुसरा मोठा ग्रंथ बाळकृष्ण बापू आचार्य आणि मोरो विनायक शिंगणे यांचा 'मुंबईचा वृत्तान्त', १८८९ चा.

वर्णन, वृत्तान्त आणि त्यानंतर पत्रकांतले 'दर्शन', हे तीन शब्द क्रमाने ठेवून पाहावेत. वर्णन करणाऱ्याला थांबून पाहावे लागते, विचारावे लागते. वृत्तान्त सांगणाऱ्याला काय झाले आणि कशामुळे झाले हे सांगावे लागते. दर्शनाला यातले काही लागत नाही. रांगेत उभे राहायचे, मूर्ती समोर आली की हात जोडायचे आणि मागच्याने ढकलायच्या आत पुढे सरकायचे. देवळात याला अर्थ आहे, कारण देव आपल्याला आधीपासून ठाऊक असतो. शहर ठाऊक नसते. ठाऊक नसलेल्या गोष्टीचे नुसते दर्शन घेतले तर हाती फोटो लागतो, ओळख होत नाही.

माडगावकर मुंबईची बेटे, तिच्या नावाची उपपत्ती आणि राज्यकर्ते यांपासून सुरुवात करून देवळे, बाजार, धंदे, आगगाडी, न्यायालये, शाळा, छापखाने, सभा यांच्यापर्यंत येतात. त्यांच्या लेखी शहर म्हणजे इमारती नव्हेत. इमारतींत चालणारे व्यवहार म्हणजे शहर. टाकसाळ दिसली की तिथे काय चालते हे त्यांना सांगावेसे वाटते. पत्रकात इमारतीचे नाव असते आणि पुढे कंसात 'बाहेरून'.

येथे एक गंमत लक्षात घेण्याजोगी आहे. आज 'जुनी मुंबई' म्हणून पाहुण्यांना जे दाखवतात, त्यातले बहुतेक माडगावकरांनी पाहिलेलेच नाही. त्यांचे पुस्तक निघाले तेव्हा कोटाच्या भिंती पाडण्याचे काम नुकते हाती घेतले जात होते. हायकोर्टाची इमारत आणि राजाबाई टॉवर १८७८ चे, बोरीबंदर स्थानक १८८० च्या दशकातले, महापालिकेची इमारत १८९३ ची, गेटवे तर १९२४ चे. उलट माडगावकरांची जी मुंबई अजून जिवंत आहे, म्हणजे मुंबादेवी, भुलेश्वर, वाळकेश्वरचे बाणगंगेचे तळे आणि त्यांच्या भोवतीचे बाजार, तिकडे दर्शनाची बस फिरकत नाही. गल्ल्या अरुंद आहेत आणि बस मोठी आहे, हे कारण खरे आहे. पण याचा अर्थ असा की काय पाहण्यासारखे आहे, हे बसच्या लांबी-रुंदीने ठरवले. इतिहासाला कोणी विचारले नाही.

पहिला थांबा बंदराचा का?

पत्रकातल्या क्रमाकडे वळू. आम्ही बसलो दादरला आणि पहिला थांबा होता गेटवे. मधला सगळा रस्ता, परळ, लालबाग, भायखळा, बोरीबंदर, यादीत नव्हताच. त्या तासाभरात माईकवर सूचना चालू होत्या : डबे कुठे खायचे, वेळ कशी पाळायची. आता तर लालबागवर उड्डाणपूलच आहे. खाली काय आहे ते दिसण्याचाही प्रश्न राहिला नाही.

हा क्रम आला कुठून, याचे माझे उत्तर असे आहे. मुंबईची पहिली प्रवासी-पुस्तके इंग्रजांनी इंग्रजांसाठी लिहिली. मरे यांच्या हँडबुकचा मुंबईचा भाग १८५९ चा. 'बॉम्बे गॅझेट'चे संपादक मॅक्लिन यांचे मुंबई मार्गदर्शक १८७५ पासून निघू लागले. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि विलायतेहून येणाऱ्या पाहुण्यांची संख्या वाढली. हा पाहुणा बोटीने येई, पालवा बंदरावर उतरे, जवळच्या हॉटेलात मुक्काम करी आणि तिथून गाडी करून मलबार टेकडीवर हवा खायला जाई. बंदर, कोट, टेकडी हा त्याचा स्वाभाविक रस्ता होता. १९११ मध्ये पंचम जॉर्ज आणि राणी मेरी याच धक्क्यावर उतरले आणि त्यांच्या आगमनाची आठवण म्हणून गेटवे उभे राहिले. १९४८ च्या फेब्रुवारीत शेवटची ब्रिटिश पलटण याच कमानीखालून परत गेली.

ते गेले, पण त्यांचा रस्ता राहिला. शेगाव, मलकापूर, नांदुरा, जलंब इथून आगगाडीने येणारा माणूस दादरला किंवा बोरीबंदरला उतरतो. तरी त्याला आधी बंदरावर नेऊन सोडतात आणि जणू तो विलायतेहून बोटीने आला आहे अशा थाटात शहर दाखवायला सुरुवात करतात. ज्या स्थानकावर तो उतरतो, ते २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. ते मात्र तो सामान सांभाळत पाठमोराच सोडतो.

कापूस कुठे उतरत असे

आता वडिलांच्या प्रश्नाकडे येतो. हा प्रश्न भाबडा नव्हता. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले, त्यामागे इथल्या कापसाचे आकर्षण मोठे होते. त्याच वर्षी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि पुढच्या दशकात लोहमार्ग मलकापूर, जलंबवरून नागपूरकडे गेला. १८७० मध्ये जलंब ते खामगाव अशी फक्त काही मैलांची शाखा घातली गेली, ती प्रवाशांसाठी नव्हे, खामगावच्या कापूस बाजारासाठी. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात तिकडचा कापूस बंद झाला होता, लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे डोळे लावून बसल्या होत्या आणि मुंबईत पैशाचा पूर आला होता. माडगावकरांचे पुस्तक नेमके याच पुरातले आहे. प्रेमचंद रायचंद यांनी कापूस आणि शेअर यांच्या उलाढालीत संपत्ती मिळवली. त्यांच्या देणगीतून विद्यापीठाचा मनोरा उभा राहिला, त्याला त्यांच्या आईचे नाव आहे. राजाबाई टॉवर खालून पाहणाऱ्या खामगावच्या शेतकऱ्याला हे कोणी सांगत नाही.

आणि कापूस उतरायचा कुठे? आधी टाउन हॉलसमोरच्या मोकळ्या मैदानात, जिथे आज हॉर्निमन सर्कलची गोल बाग आहे. कोटात गाठींचे ढीग मावेनात म्हणून मग कुलाब्याला. आगगाडीने वाडीबंदरला आलेल्या गाठी बैलगाड्यांवर तिकडे जात. विसाव्या शतकात हा बाजार शिवडीच्या बाजूला गेला. हार्बर मार्गावरच्या स्थानकाचे 'कॉटन ग्रीन' हे नाव ही त्याचीच खूण.

हे मला कळायला बरीच वर्षे लागली. कळले तेव्हा नकाशा पसरून बसलो आणि लक्षात आले की त्या दिवशी आमची बस या तिन्हींपैकी दोन जागांच्या अगदी जवळून गेली होती. गेटवेच्या दक्षिणेला कुलाबा, उत्तरेला थोडक्या अंतरावर हॉर्निमन सर्कल. वडील ज्या ठिकाणी उभे राहून विचारत होते, तिथून दोन्हीकडे नुसता हात करून दाखवता आले असते. उत्तर जवळच होते. ते पत्रकात नव्हते, इतकेच.

टेकडी आणि परळ

यादीत काय घेतले आणि काय गाळले, हा प्रश्न मराठी साहित्याने फार पूर्वी विचारला आहे. पठ्ठे बापूरावांनी मुंबईच्या वैभवावर रचना केली. पुढे अण्णा भाऊ साठे यांनी 'मुंबईची लावणी' लिहिली, तेव्हा एकाच शहरात एका बाजूला मलबार हिल आणि दुसऱ्या बाजूला परळचे राबणारे लोक ठेवून दाखवले. नारायण सुर्वे यांचे 'माझे विद्यापीठ' १९६६ चे, नामदेव ढसाळ यांचे 'गोलपिठा' १९७२ चे. मराठी कवितेतली मुंबई ही मुख्यतः यादीत नसलेल्या रस्त्यावरची मुंबई आहे. मराठी वाचक मनात एक मुंबई घेऊन येतो आणि बस त्याला दुसरी दाखवते. बस टेकडी चढते आणि परळवरून निघून जाते. १८५४ मध्ये दावर यांनी पहिल्या कापड गिरणीची स्थापना केली तिथपासून १८ जानेवारी १९८२ च्या संपापर्यंतचा सव्वाशे वर्षांचा काळ पत्रकाच्या हिशेबी शून्य मिनिटांचा आहे. आमच्या कापसाचे सूत तिथेच होत असे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. लोक सहलीला जातात ते आनंदासाठी. त्यांना गिरण्यांचे सांगाडे कशाला दाखवायचे? समुद्र, मासे, नटांचे बंगले पाहण्यात वाईट काय? काही नाही. मत्स्यालयात वडिलांनी एका माशासमोर दहा मिनिटे काढली, ती त्या दिवसातली सुखाची दहा मिनिटे होती. समुद्र न पाहिलेल्या माणसाला समुद्र हवाच. माझा आक्षेप यादीत काय आहे यावर नाही. तेरा थांब्यांत एकही जागा अशी नाही जिथे वऱ्हाडातून आलेल्या माणसाला वाटेल की या शहराशी आपले काही देणे-घेणे आहे, हा माझा आक्षेप आहे.

दुसरा आक्षेप मीच माझ्यावर घेतो. मुंबई-पुण्याहून आमच्या जिल्ह्यात येणाऱ्या सहली 'शेगाव, लोणार, सिंदखेडराजा एका दिवसात' अशाच असतात आणि त्यांची पत्रके आमचेच लोक छापतात. लोणारचे विवर काठावरून पाहायचे, दैत्यसूदनाच्या देवळासमोर फोटो काढायचा, की गाडी सुटली. ज्या दोषाबद्दल मी मुंबईच्या पत्रकाला बोल लावतो तो आमच्याही घरात आहे.

यादीबाहेरचे पाहुणे

वऱ्हाडातली माणसे मुंबईत मुख्यतः कशासाठी जातात, हे एकदा प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. दवाखान्यासाठी, मंत्रालयातल्या कामासाठी, पोटासाठी आणि ६ डिसेंबरला. आमचा भाग १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला, तेव्हापासून मुंबई आमची राजधानी आहे. या चारही कारणांचा पत्रकांना पत्ता नाही.

६ डिसेंबरचे उदाहरण घ्या. १९५६ साली बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. तिथली चैत्यभूमी १९७१ ची. दरवर्षी विदर्भातून विशेष गाड्या सुटतात, आमच्या गावातूनही माणसे जातात. शिवाजी पार्कवर मुक्काम, चैत्यभूमीची रांग, मग हिंदू कॉलनीतले राजगृह आणि परतताना पुस्तकांच्या स्टॉलवरून भरलेली पिशवी. बाबासाहेबांचे ग्रंथ मी पहिल्यांदा वाचले ते शेजारच्या एका आजींनी अशा पिशवीतून आणलेल्या प्रतींवर. त्यांना स्वतःला वाचता येत नव्हते. नातवासाठी आणले होते. मुंबई पाहण्याची ही स्वतःची अशी एक रीत आहे. तिचा मार्ग लोकांनी स्वतः आखला आहे आणि तिथे गेलेला माणूस परत येऊन काय पाहिले हे तासभर सांगू शकतो. पर्यटनाच्या कोणत्याही पत्रकाला तिच्यापासून शिकता येईल.

दवाखान्याचेही तसेच. परळच्या टाटा रुग्णालयाच्या आसपास आमच्याकडची माणसे महिनोन् महिने राहतात. त्यांच्यासारख्यांची सोय पाहिली ती आमच्याच वऱ्हाडातल्या, अमरावती जिल्ह्यातल्या गाडगेबाबांनी. रुग्णांच्या नातलगांसाठी त्यांनी मुंबईत धर्मशाळा उभी केली आणि त्यांच्या नावाने दादरलाही धर्मशाळा चालते. वऱ्हाडाने मुंबईला कापूस दिला तसा हा निवाराही दिला.

एक दिवस कसा आखावा

नुसती टीका करून थांबणे बरे नाही, म्हणून गेल्या काही वर्षांत ओळखीच्या लोकांना मी जो दिवस आखून देतो तो सांगतो. यात नवे काही नाही, फक्त सुरुवातीची जागा बदलली आहे.

बोरीबंदरला उतरल्यावर सामान ठेवून आधी स्थानकच समोरच्या फुटपाथवरून अर्धा तास पाहावे. तिथून पायी हॉर्निमन सर्कल. बागेत बसून डबा खावा आणि मुलांना सांगावे की इथे कापसाचे ढीग असत. समोर १८३३ चा टाउन हॉल, म्हणजे एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय. पुढे ओव्हल मैदानाच्या कडेने राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट, मग गेटवे आणि समुद्र. इतक्यात दुपार होते आणि बसचे भाडे पडत नाही. दुपारनंतर भायखळ्याला राणीचा बाग. या बागेला आता वीरमाता जिजाबाई भोसले यांचे नाव आहे. जिजाऊंचे जन्मगाव आपल्या जिल्ह्यातले सिंदखेडराजा, हे मुलांना तिथे उभे राहून सांगावे. याच आवारात तो दगडी हत्ती आहे, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा म्हटले. १८६४ मध्ये तो विलायतेला नेताना कोसळून फुटला आणि पुढे जोडून इथे उभा केला. संध्याकाळी दादरला चैत्यभूमी आणि तिथलाच समुद्र. रात्रीची गाडी दादरहूनच मिळते.

घारापुरी पाहायची असेल तर त्या दिवशी दुसरे काही ठरवू नये. लाँचने एका बाजूचाच सुमारे तास जातो, वर पायऱ्या चढायच्या असतात, आणि म्हाताऱ्या माणसाला घाई करून चालत नाही. सोमवारी लेणी बंद, बुधवारी राणीचा बाग बंद. भरतीच्या वेळी हाजी अलीची वाट पाण्याखाली जाते. पावसाळ्यात लाँचचा भरवसा नाही. पत्रकात या ओळी असायला हव्यात. 'बाहेरून' या एका शब्दात त्या उरकता येत नाहीत.

मागच्या हिवाळ्यात आमच्या गावच्या शाळेची सहल या आखणीने गेली. मीही सोबत होतो. हॉर्निमन सर्कलच्या बागेत मुलांना कापसाचे सांगितले. एक मुलगी म्हणाली, "आमच्या आजोबाचाही आला असंन का इथं?" मी म्हटले, आजोबांच्या आजोबांचा आला असेल. तिने खाली वाकून गवतातून हात फिरवला, जणू अजून एखादे बोंड सापडेल.

मला तेव्हा गेटवेपाशी ओंजळीत पाणी घेणारे वडील आठवले. पिवळे पत्रक त्या दिवशी माझ्या खिशात होते. मागच्या कोऱ्या जागेत, तेराव्या थांब्याच्या खाली, मी पेन्सिलीने चौदावा थांबा लिहिला आहे.